बॅग कपाटात का खराब होते आणि ती कशी ठेवावी

लातूरच्या एका ताईंनी विचारले आहे की, त्यांच्याकडे लेदरची एक तपकिरी हँडबॅग, ऑफिसला नेण्याची रेक्झिनची बॅग, लग्नातली पैठणीची पर्स आणि किनवटहून आणलेली बंजारा भरतकामाची झोळी अशा चार वस्तू आहेत. जूनमध्ये त्यांनी त्या नीट पुसल्या, प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीचे तोंड घट्ट बांधले आणि आत डांबरगोळ्या टाकून सगळ्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या. दिवाळीच्या आवराआवरीत कपाट उघडले तेव्हा लेदरवर पांढरा थर होता, रेक्झिनचे पोपडे सुटले होते आणि पर्सची जर काळवंडली होती. एवढे करूनही असे का झाले आणि यापुढे या वस्तू कशा ठेवाव्यात, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही काळजी घेतली नाही असे मुळीच नाही. पण चार निरनिराळ्या जिनसांना तुम्ही एकच उपाय लावला आणि तो त्यांतल्या एकीलाही मानवणारा नव्हता. मी संभाजीनगरात बॅगा शिवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करते. माझ्या टेबलावर वापरून झिजलेल्या बॅगांपेक्षा ठेवून बिघडलेल्या बॅगा जास्त येतात. वापरातल्या बॅगेचे दुखणे बहुधा एकाच जागी असते: हँडलचे टाके उसवतात, चेनचा रनर सैल होतो किंवा कोपऱ्यांचा रंग उडतो. ठेवून बिघडलेल्या बॅगेत मात्र अस्तर, फोम, वरचा लेप आणि आतला पुठ्ठा एकदमच जातात, आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या बॅगेच्या घरात जातो.

आपल्या मराठवाड्याच्या हवेचा विचार केल्याशिवाय साठवणीचे बोलता येत नाही, कारण मासिकांतून आणि कंपन्यांच्या पत्रकांतून येणाऱ्या सूचना बहुधा वर्षभर एकसारखी हवा असलेल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो आणि दुपारच्या हवेतील आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. त्यानंतर पाऊस धरला की तेच घर दमट होते, आणि परतीच्या पावसाचा सप्टेंबर महिना तर कपाटांच्या दृष्टीने सर्वांत वाईट. लेदरला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. ती बराच काळ 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि फार खाली गेली की चामड्यातला ओलावा निघून जाऊन ते ताठर होते व घडीवर चिरते. म्हणजे आपल्या भागात एकाच बॅगेला वर्षातून दोन उलट्या दिशांचे हाल सोसावे लागतात, आणि जूनमध्ये केलेला बंदोबस्त मार्चमध्ये अपायकारक ठरू शकतो. यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती कुलरची. उन्हाळा कोरडा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण खिडक्या लावून रात्रभर पाण्याचा कुलर चालवलेल्या खोलीतली हवा चांगलीच ओलसर होते. त्या खोलीतल्या कपाटात ऐन मे महिन्यात बुरशी आलेल्या बॅगा मी पाहिल्या आहेत.

बॅग ठेवण्यापूर्वी ती कशाची आहे हे नक्की करावे. दुकानदाराचे सांगणे किंवा आतले लेबल यावर विसंबू नये. पट्ट्याचे टोक, आतल्या खिशाची कड किंवा बकलाच्या भोकाची कड भिंगाखाली किंवा उजेडात नीट पाहावी. कापलेल्या कडेला गुंतलेले बारीक तंतू दिसले, नख लावल्यावर ते किंचित पिंजल्यासारखे झाले, तर ते चामडे. वर पातळ पापुद्रा आणि खाली विणलेले कापड दिसले तर ते कृत्रिम, मग त्याला कोणी रेक्झिन म्हणो, पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचे) म्हणो की ‘व्हेगन लेदर’ असे भारी नाव देवो. तिसरा प्रकार बॉन्डेड लेदरचा. त्यात चामड्याच्या चुऱ्याचा लगदा करून त्यावर पॉलियुरेथेनचा लेप चढवलेला असतो. लेबलावर लेदर लिहिलेले असले तरी साठवणीच्या दृष्टीने ते पीयूच धरावे. जळते का पाहण्यासाठी काडी लावण्याची पद्धत काही जण सांगतात. तिने बॅग जाते आणि नक्की कळत मात्र काही नाही.

प्रथम लेदरविषयी, कारण योग्य रीतीने ठेवले तर सर्वांत जास्त टिकणारी जिन्नस तीच आहे. कमावलेल्या चामड्यातही तंतूंमध्ये थोडे पाणी आणि स्निग्ध अंश असतो. त्यांच्यामुळेच ते लवचीक राहते आणि हवेतल्या ओलाव्याशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ही देवाणघेवाण थांबते. पुसल्यानंतर राहिलेला किंचित ओलावा आतच कोंडतो, रात्री कपाटाचा पत्रा गार झाला की पिशवीच्या आतल्या बाजूला बाष्प धरते, आणि बुरशीला हवे असलेले सगळे तिथे आयते मिळते. म्हणून लेदरची बॅग नेहमी सुती कापडाच्या पिशवीत ठेवावी. नव्या बॅगेबरोबर आलेली कापडी पिशवी हरवली असेल तर उशीचा जुना, पांढरा, धुतलेला अभ्रा पुरेसा होतो. तो पांढरा किंवा पूर्ण रंग गेलेला असावा, कारण गडद रंगाचे कापड दमट हवेत फिक्या लेदरवर रंग सोडते आणि तो डाग बहुतेक वेळा निघत नाही. कापड खळ दिलेले नसावे, ही दुसरी अट. कसर खळीवर पोसते. आजीच्या कडक खळीच्या नऊवारीचा तुकडा मोठ्या मायेने गुंडाळलेली एक बॅग माझ्याकडे आली होती, तिच्या कापडाला आणि अस्तराला दोन्हींना कसर लागलेली होती.

तेल लावण्याविषयी मला सर्वांत जास्त विचारले जाते. खोबरेल, तीळ, करडई यांपैकी कोणतेही खाद्यतेल लेदरला लावू नये. खोबरेल आणि तिळाचे तेल चामड्यात मुरून काळपट डाग पाडतात, काही महिन्यांत त्यांना खवट वास येतो आणि धूळ चिकटते. करडईचे तेल तर हवेने सुकून चिकट पापुद्रा धरणारे, म्हणूनच रंग-वार्निशाच्या धंद्यात ते वापरले जाते. आपल्याकडे करडई घरची असते, त्यामुळे हा मोह स्वाभाविक आहे, पण त्या तेलाने चिकट झालेला लेदरचा पृष्ठभाग पूर्ववत करणे फार अवघड जाते. बुटाचे रंगीत पॉलिशही टाळावे, कारण ते बॅगेवरून साडीवर उतरते. रंग नसलेले लेदर क्रीम किंवा कंडिशनर मऊ कापडावर वाटाण्याएवढे घेऊन, आधी तळाशी किंवा मागच्या बाजूला लावून पाहून, मग सगळीकडे अगदी पातळ फिरवावे आणि बॅग एक दिवस उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडाने पुसावी. वर्षातून दोनदा एवढे केले तरी पुष्कळ होते. हे काम दिवाळीनंतर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हवा कोरडी असताना किंवा कोरडी होऊ लागताना करावे. पावसाळ्याच्या तोंडावर क्रीम चोपडून बॅग बंद करू नये, कारण तोच स्निग्ध अंश बुरशीला खाद्य होतो. स्वेड म्हणजे लवदार लेदरला क्रीम अजिबात लावू नये, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटकणे एवढेच त्याचे काम.

तुमच्या बॅगेवरचा पांढरा थर बुरशीचाच आहे का, हे आधी पाहून घ्यावे. चामड्यातली चरबी थंडीत पृष्ठभागावर येऊनही पांढरट धुके पसरल्यासारखा थर दिसतो आणि त्याने बॅगेचे काही बिघडत नाही. केस वाळवायच्या ड्रायरची कोमट हवा एका डागावर वीतभर अंतरावरून थोडा वेळ सोडावी. थर वितळून नाहीसा झाला तर ती चरबी, मऊ कापडाने पुसली की काम झाले. थर तसाच राहिला, जवळून पाहता केसाळ ठिपके दिसले आणि कुबट वास आला तर बुरशी. तसे असेल तर बॅग गच्चीवर किंवा अंगणात न्यावी, नाकातोंडावर मास्क लावावा, मऊ ब्रशने बुरशी हलक्या हाताने झाडावी आणि तो ब्रश इतर कशालाही न वापरता धुऊन टाकावा. घरात झाडल्यास बुरशीचे बीज दुसऱ्या बॅगांवर जाऊन बसते. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, कापड त्यात भिजवून घट्ट पिळावे आणि त्याने बॅग पुसावी. मात्र हा उपाय वरून लेप दिलेल्या, पाण्याचा थेंब न शोषणाऱ्या लेदरलाच चालतो, आणि तिथेही आधी तळाशी रंग सुटत नाही ना हे पाहूनच. थेंब पडताच गडद होणारे मोकळे चामडे अल्कोहोलने डागाळते. ते फक्त ब्रशने झाडून जाणकाराकडे द्यावे. पुसलेली बॅग दोन-तीन दिवस सावलीत पंख्याखाली उघडी ठेवावी. कडक उन्हात टाकल्याने बुरशी मरते असे वाटते, पण त्याबरोबर रंग उडतो आणि शिवणीजवळचे लेदर आवळते. कपाटाचा तो खणही पुसून, पूर्ण वाळवून, मगच त्यात काही ठेवावे. हे राहून गेले तर पुढच्या पावसात बुरशी पुन्हा येते.

लेदरच्या बॅगेच्या पितळी रिव्हेटभोवती कधी हिरवट, मेणचट वळी दिसते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, तसलाच हा प्रकार: चामड्यातल्या स्निग्ध आम्लांची पितळेतल्या तांब्याशी क्रिया होऊन तो थर तयार होतो. बांबूच्या काडीच्या बोथट टोकाने तो कोरडाच खरवडून कापसाने टिपावा. लिंबू, चिंच किंवा पितांबरी पावडर बकलाला लावू नये, कारण हल्लीच्या बहुतेक बकलांवरचा सोनेरी मुलामा इतका पातळ असतो की एका घासण्यात तो निघून जातो, आणि ते पाणी लेदरवर ओघळले की तिथे वेगळा डाग पडतो.

आता रेक्झिनच्या बॅगेविषयी स्पष्टच सांगते. पीयूचा पापुद्रा म्हणजे पॉलियुरेथेन, आणि त्याच्या लांब साखळ्या हवेतल्या बाष्पाने हळूहळू तुटत जातात. बॅग वापरली नाही तरी हे चालूच असते, उष्णतेने त्याचा वेग वाढतो, आणि एका मर्यादेनंतर पापुद्रा आधी चिकट होतो, मग त्याचे पोपडे सुटतात. तुम्ही ती प्लॅस्टिकमध्ये बांधून दमट खणात ठेवली, त्याने हे थोडे लवकर झाले असेल, पण कितीही चांगली ठेवली असती तरी ती दहा-पंधरा वर्षे तशीच राहिली नसती. म्हणून माझे मत असे आहे की पीयूची बॅग जपून ठेवण्यासाठी घेऊच नये. ती घ्यावी, रोज वापरावी आणि तिच्या वाट्याची दोन-चार वर्षे पुरेपूर वसूल करावीत. लग्नकार्यासाठी म्हणून बाजूला ठेवलेली पीयूची महाग बॅग नेमकी कार्याच्या दिवशी खांद्यावर भुगा सोडते, हे अनेकींनी अनुभवले असेल. पीव्हीसीच्या जाड रेक्झिनचे पोपडे तसे सुटत नाहीत, पण त्याला मऊ ठेवणारा तेलकट घटक काळानुसार बाहेर येतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि मागाहून ताठर. अशा दोन बॅगा, किंवा एक रेक्झिनची आणि एक चकचकीत पेटंट लेदरची, एकमेकींना टेकून उन्हाळाभर राहिल्या तर चिकटतात, आणि सोडवताना एकीचा रंग दुसरीवर जातो. मध्ये पांढऱ्या सुती कापडाचा अडसर असलाच पाहिजे.

पैठणीची पर्सही रेक्झिनच्या शेजारी ठेवू नये. पीव्हीसी जुने होताना आम्लयुक्त वाफ सोडते आणि जरीला ती बाधते. पर्सची जर खरी म्हणजे चांदीच्या तारेची असो की तांब्याच्या तारेची, गंधकाचा अंश लागला की ती काळवंडते, आणि तो अंश घरात अनपेक्षित ठिकाणांहून येतो: रबरबँड, रबरी अस्तर, लोकरीचे कापड, छपाईचा कागद. पर्सला रबरबँड लावून ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आहे, ती आधी सोडावी. अत्तर किंवा सेंट फवारताना पर्स दूर ठेवावी, घामट हाताने जर चोळू नये, आणि समारंभाहून आल्यावर पर्स रात्रभर उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी जुन्या, बिनरंगी मलमलमध्ये सैल गुंडाळून आडवी ठेवावी. तिच्यावर काहीही रचू नये, कारण रेशीम घडीच्या रेषेवरच तुटते. हिमरूच्या पर्सलाही हेच लागू आहे. त्यात सुती आणि रेशमी धागे एकत्र असतात, ओलाव्याने ते सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत, त्यामुळे पाण्याने धुतल्यास कापड चुरमडते. तुमच्या पर्सची काळी पडलेली जर टूथपेस्टने किंवा लिंबाने घासू नये, असे उजळलेले टाके दोन-तीन वेळांत तुटतात. मऊ ब्रशने धूळ काढावी आणि राहिलेला काळसरपणा तसाच असू द्यावा. खरी जर असेल तर पैठणीचे काम करणाऱ्या माणसाला एकदा दाखवावी.

बंजारा झोळीचे फार सांगण्यासारखे नाही, कारण चौघींत तीच सर्वांत काटक. मात्र आरसे, कवड्या आणि घुंगरू एकमेकांवर घासून टाके तोडतात, म्हणून भरतकामाच्या बाजूवर मऊ कापड पसरून ती सैल गुंडाळावी, आणि ओली असताना कधीही घडी घालू नये, कारण लाल-काळा रंग शेजारच्या पांढऱ्या टाक्यांत उतरतो.

कोणतीही बॅग ठेवण्यापूर्वी पूर्ण रिकामी करावी, आणि रिकामी म्हणजे अस्तर बाहेर ओढून शिवणीच्या कोपऱ्यांपर्यंत रिकामी. दुरुस्तीला आलेल्या बॅगेचे अस्तर मी आधी उलटे करते तेव्हा त्यातून बडीशेप, एसटीची तिकिटे, शेंगदाण्याची साले, संक्रांतीच्या तिळगुळाचा चुरा आणि तुळजापूरच्या प्रसादाची फुटलेली पुडी निघते. शेंगदाण्याच्या आणि गुळाच्या वासाने उंदीर लेदर कुरतडून आत शिरतो, मुंग्या आणि झुरळे तर ओघानेच आली. पेन, लिपस्टिक आणि सॅनिटायझरची बाटली हमखास काढावी, सॅनिटायझरमधले अल्कोहोल गळले तर अस्तरातून झिरपून लेदरचा रंग विरघळवते. हळदीकुंकवाच्या दिवसांत अस्तरावर हळद सांडली असेल तर तिला साबण लावू नये, साबणातल्या अल्कलीने ती लाल होते. कोरड्या ब्रशने झाडावी, मग अस्तर पूर्ण बाहेर काढून, बाकीची बॅग जाड कापडाने झाकून, फक्त अस्तर उन्हात धरावे. हळदीचा रंग उन्हाने उडतो, आणि बॅगेच्या बाबतीत उन्हाचा एवढाच एक उपयोग मला मान्य आहे. कुंकू मात्र घासू नये, चिकटपट्टीने टिपून उचलावे.

बॅगेचा आकार राखण्यासाठी आत भरण करावे लागते. त्यासाठी वर्तमानपत्र वापरू नये, कारण शाई अस्तरावर उतरते आणि कागदातले आम्ल कालांतराने कापड पिवळे करते. पांढरा कोरा कागद चुरगाळून किंवा धुतलेले जुने सुती कापड गुंडाळून आधी तळाचे कोपरे भरावेत, मग मधली जागा, आणि चेन ताण न पडता मिटेल इतपतच थांबावे. ठासून भरलेली बॅग वर्षभरात फुगते आणि शिवण ताणली जाते. चेन बोटभर उघडी ठेवावी म्हणजे आतली हवा खेळती राहते. मॅग्नेट बटण असेल तर त्याखाली कापडाची घडी ठेवावी, नाहीतर झाकणावर गोल वण उमटतो. साखळीचा पट्टा सुटा होत असेल तर काढून वेगळ्या कापडात ठेवावा, होत नसेल तर कापडात गुंडाळून आत सोडावा. खुंटीला किंवा कपाटातल्या हँगरला हँडलने बॅग टांगून ठेवू नये. सगळे वजन हँडलच्या मुळाशी असलेल्या चार-सहा टाक्यांवर येते, आणि हँडल उपटलेल्या बॅगा माझ्याकडे सर्वाधिक येतात. बॅगा एकमेकींवर न रचता बसवून, मध्ये तळहाताएवढे अंतर ठेवून मांडाव्यात, आणि मऊ, बसत्या आकाराची बॅग आडवी ठेवावी.

कपाटातली जागा मधल्या खणातली असावी. खालच्या खणाला फरशीची ओल लागते, आणि स्लॅबखालच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात इतके तापते की बॅगेचा फोम आणि पुठ्ठा चिकटवलेले सोल्युशन सुटते. मग अस्तराच्या आत काहीतरी सरकत असल्यासारखे वाटू लागते. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेले असेल तर दोन-तीन इंच पुढे ओढावे. गावाकडच्या जुन्या माळवदाच्या घरात आतली खोली उन्हाळ्यात गार असते आणि तेव्हा ती जागा उत्तमच. पण पावसाळ्यात त्याच जाड भिंती ओल धरतात, त्यामुळे कोनाड्यात किंवा भिंतीतल्या कपाटात त्या चार महिन्यांत बॅग ठेवू नये. काचेच्या शोकेसमध्ये मांडून ठेवायची हौस असेल तर खिडकीचा उजेड थेट पडणार नाही अशी जागा निवडावी, नाहीतर एक बाजू फिकी होते आणि ती पुन्हा रंगवून जुळवणे कठीण जाते.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या बॅगेबरोबर आल्या तशाच वर्षानुवर्षे पडलेल्या असतात आणि केव्हाच ओलाव्याने भरून निकामी झालेल्या असतात. मध्यम आकाराच्या हँडबॅगेत 10 ग्रॅमच्या 2 ताज्या पुड्या कापडात गुंडाळून जूनमध्ये ठेवाव्यात आणि पावसाळ्यात एकदोनदा बदलाव्यात. रंग बदलणारे खडे घेतल्यास कळणे सोपे जाते: नारिंगी खडे भरले की हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते, म्हणून लहान मुलांच्या घरात नारिंगीच घ्यावेत, आणि खडे पुन्हा वाळवायचे असतील तर स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये. ऑक्टोबरनंतर या पुड्या काढून टाकाव्यात. कोरड्या हवेत त्या लेदरमधला उरलासुरला ओलावाही ओढून घेतात. सिलिका जेलऐवजी मिठाची पुरचुंडी ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. आर्द्रता पंचाहत्तरच्या आसपास गेली की मीठ पाझरते आणि खारट पाण्याने चेन व बकल गंजतात. तांदूळ ठेवल्यास किडे मात्र नक्की होतात.

डांबरगोळ्या लेदरला, रेक्झिनला आणि जरीला अशा तिन्हींनाही नकोत. त्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ काही प्लॅस्टिक आणि त्यांचे लेप मऊ करते, वास लेदरमधून महिनोन्महिने जात नाही, आणि रक्तातल्या एका विशिष्ट एंझाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तपेशी या वाफेने फुटू शकतात, म्हणून घरात बाळ असेल तर त्या कपाटातही नसाव्यात. वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून खणाच्या कोपऱ्यात, बॅगेला न टेकता ठेवावा आणि दर तीन-चार महिन्यांनी बदलावा. त्याने प्रत्येक किडा मरेल असे मी म्हणणार नाही, पण स्वच्छ, खळविरहित आणि खाण्याचा कण नसलेल्या बॅगेला बहुधा तेवढे पुरते.

वर्षाचा क्रम साधारण असा धरावा. मृग निघण्यापूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, बॅगा काढून, पुसून, वारा देऊन ताज्या पुड्यांसह ठेवाव्यात. पोळ्याच्या सुमारास, उघडीप असलेला एखादा कोरडा दिवस पाहून, दोन-तीन तास कपाट सताड उघडे ठेवून पंखा लावावा. दसऱ्याच्या साफसफाईत, परतीचा पाऊस ओसरला असेल तर, सगळ्या पुन्हा काढाव्यात, पुड्या बाहेर काढाव्यात आणि क्रीमचे काम दिवाळीनंतर निवांतपणे करावे. मधल्या काळात प्रत्येक लेदरची बॅग महिन्यातून एकदा तरी हातात धरून बाहेर न्यावी. बाजारात नेली तरी चालते, कपाटात कोंडून राहण्यापेक्षा ते तिला बरे.

2025 च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीनंतर धाराशिव, बीड आणि तुमच्या लातूरकडून पाण्यात बुडालेल्या बॅगांविषयी विचारणा झाली होती, म्हणून त्याचेही येथे सांगते. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने हलके धुऊन काढावा, वाळल्यावर तो घासला की लेदरवर ओरखडे उठतात. मग टिपून घ्यावे, आत पांढरा कागद भरावा, तो भिजेल तसा बदलत राहावा, आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावे. चूल, हीटर किंवा ड्रायरची गरम हवा ओल्या लेदरला लागली तर ते आक्रसून टणक होते आणि मग काही करता येत नाही. थोडी दमट असतानाच क्रीमचा पातळ हात फिरवला तर लवचीकपणा बराच परत येतो.

शेवटी तुमच्या पोपडे सुटलेल्या बॅगेचे. पीयूच्या पापुद्र्यावर रंग किंवा चिकटद्रव्य लावून तो पुन्हा बसवता येत नाही, आठवड्याभरात शेजारची जागा सुटू लागते, आणि कोणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नयेत. पट्टे आणि तळ एवढेच गेले असेल तर तेवढे भाग नव्या रेक्झिनने किंवा कॅनव्हासने बदलून घेणे परवडते. अंगही सुटू लागले असेल तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा, मात्र टाकण्यापूर्वी बकले, कड्या आणि रनर सोडवून घ्यावेत, कारण त्या मापाचे चांगले बकल सुटे शोधायला गेले की सहज मिळत नाही आणि तुमच्या तपकिरी बॅगेच्या पट्ट्याला ते उद्या कामी येऊ शकते.